नोकरी गेल्यावर मन कसं सांभाळायचं

एमआयडीसीतला कारखाना बंद पडतो. जिनिंगचा हंगाम उरकतो. चाकणचं कंत्राट संपलं म्हणून पोरगा बॅग घेऊन भुसावळला उतरतो. विनाअनुदानित शाळेतल्या बाईंना जूनमध्ये सांगितलं जातं की यंदा गरज नाही. पगार थांबला हे सगळ्यांना दिसतं. त्याच्याबरोबर आणखी काय थांबलं ते घरातल्यांना दिसत नाही, आणि ज्याचं काम गेलं त्यालाही आठवडेच्या आठवडे कळत नाही. मग अंथरुणातून उठवत नाही, फोन उचलवत नाही, आणि माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो.

हे आळसाचं लक्षण नाही, याचा पुरावा जुना आहे. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून नोंदी घेतल्या. पुरुषांची चाल मंदावली होती, रस्त्यात ते उगाच थांबत होते. हाताशी वेळच वेळ असूनही वाचनालयातून जाणारी पुस्तकं जवळजवळ निम्म्यावर आली होती. याहोडांनी पुढे मांडलं की पगाराखेरीज काम माणसाला पाच गोष्टी देतं: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपल्यापेक्षा मोठ्या कामात वाटा, चारचौघांत ओळख आणि रोजची ठरलेली हालचाल. काम सुटलं की पाचही एका दिवशी जातात. त्या परत मिळवण्याची सोय दुसरी नोकरी लागेपर्यंत हातानं करावी लागते, आणि ती करता येते. 'मन घट्ट कर' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. ठरलेल्या वेळा, ठरलेली माणसं आणि लिहून ठेवलेले आकडे उपयोगी पडतात.

आधी घरी सांगा

रोज डबा घेऊन निघायचं आणि दिवस स्टेशनवर, मेहरुण तलावाकाठी नाहीतर मित्राच्या दुकानात काढायचा, असं पुष्कळ जण करतात. यानं तीन नुकसानं होतात. काम शोधायची ताकद लपवण्यात खर्च होते. पगाराच्या तारखेला घरी पैसे दाखवायला उसनवारी सुरू होते. आणि बातमी शेवटी तिसऱ्याच माणसाच्या तोंडून घरी पोचते, तेव्हा काम गेल्याचं दुःख मागे पडून फसवल्याचा राग पुढे येतो.

म्हणून पहिल्या आठवड्यातच सांगा. आधी नवऱ्याला किंवा बायकोला, एकट्यात. रात्री झोपताना नको, कारण मग दोघांचीही झोप जाते. जेवताना नको, कारण ताट तसंच राहतं. सकाळचा चहा झाल्यावर किंवा संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बसा. चार गोष्टी सांगायच्या: काम गेलं, हिशेबाचे पैसे किती आणि कधी मिळणार, घर किती दिवस चालेल, आणि मला काय वाटतंय. उदाहरणार्थ: "माझं काम सुटलं. वीस तारखेला हिशेब मिळेल. काटकसरीनं तीन महिने निघतील. उद्यापासून शोधायला लागतो, पण मला भीती वाटतेय." शेवटचं वाक्य गाळू नका. ते गाळलं की समोरच्याला फक्त हिशेब ऐकू येतो आणि तोही हिशेबाचंच बोलतो.

आबांना किंवा नानांना सांगताना मोठा भाऊ किंवा काका सोबत असू द्या, विशेषतः त्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर. पहिली प्रतिक्रिया रागाची येऊ शकते: "मी आधीच म्हटलं होतं, शेती पाहा." त्या क्षणी वाद घालू नका. बऱ्याच बापांची भीती रागाच्या रूपानं बाहेर पडते. दोन दिवसांनी तेच कुणाला तरी फोन करून ठेवतात. शाळेत जाणाऱ्या मुलांना एवढं पुरे: "माझं काम बंद झालंय, दुसरं शोधतोय. यात तुझी काही चूक नाही." मुलांना घरातला ताण कळतो, पण कारण कळलं नाही तर ती कारण स्वतःत शोधतात.

घरच्यांसाठी एक नियम, आणि तो खरोखर फरक पाडतो: "आज काही झालं का?" हा प्रश्न रोज विचारायचा नाही. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी सकाळी, अर्धा तास ठरवा. त्या वेळी शोधाचं, पैशाचं, पुढच्या आठवड्याचं सगळं बोलायचं. बाकीचे सहा दिवस कुणी विषय काढायचा नाही. नवीन काही घडलं तर शोधणारा आपणहून सांगेल. दुसऱ्याच्या पोराशी तुलना तर अजिबात नको. त्यानं कुणी जोमानं शोधायला लागत नाही, फक्त संध्याकाळी घरी यायची वेळ लांबते.

पैशाची भीती कागदावर आणा

पहाटे तीनला डोक्यात फिरणाऱ्या चिंतेला आकडा नसतो, म्हणून ती संपत नाही. एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे हातातली रक्कम, येणारा हिशेब, लोकांकडून यायचे उसने. उजवीकडे महिन्याचा टाळता न येणारा खर्च: किराणा, दूध, गॅस, वीज, औषधं, शाळेची फी, हप्ते. डाव्या बेरजेला उजव्या बेरजेनं भागा. समजा ८४,००० भागिले १४,०००, म्हणजे सहा महिने. हा आकडा लहान निघाला तरी तो कळल्यावर झोप थोडी सुधारते, कारण आता प्रश्नाला कडा आहेत. कागद दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्यानं करायचा. रोज उघडून बघायचा नाही.

औषधं, विम्याचा हप्ता आणि मोबाइलचा स्वस्तातला रिचार्ज कापू नका. हप्ता थकायच्या आधी बँकेच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: काम गेल्याचा पुरावा जोडा, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. थकल्यावर गेलात तर तेच बोलणं जड जातं. वसुलीसाठी कुणीही कधीही फोन करू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकीत कर्जासाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नाही. गटातून घेतलेल्या मायक्रोफायनान्स कर्जाला ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, दारात तमाशा यालाही मनाई आहे. असं झालं तर तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा; रिझर्व्ह बँकेकडे तक्रार कशी करायची याची माहिती १४४४८ वर मिळते.

खासगी सावकाराचे शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला शेकडा साठ. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवणं याच्या कितीतरी पट बरं, आणि त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. विनापरवाना सावकारी होत असेल तर तालुक्याच्या सहकारी संस्था सहायक निबंधकाकडे तक्रार होते. मोबाइलवरची 'पाच मिनिटांत कर्ज' देणारी अ‍ॅपं पूर्ण टाळा. ती तुमची फोनची यादी उचलतात आणि नंतर गावभर फोन करतात.

पीएफ घाईत सगळा काढू नका. नवी नोकरी लागल्यावर तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, चालू ठेवला तर सेवेची वर्षं जोडली जातात, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पगारातून ईएसआयसी (कामगार विम्याची वर्गणी) कापली जात असेल तर शाखा कार्यालयात जाऊन बेरोजगारी भत्त्याबद्दल विचारा. कारखाना बंद पडून किंवा कपातीत काम गेलेल्यांना ईएसआयसीच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा आधार अनेकदा फक्त माहिती नसल्यामुळे मिळत नाही.

दिवस बांधणं

सगळ्यात जास्त काम इथे आहे आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात, ती उत्साहामुळे. पहिल्या सोमवारी पहाटे पाचला उठणं, व्यायाम, इंग्रजी, कॉम्प्युटर, दहा अर्ज असं वेळापत्रक भिंतीवर लागतं. गुरुवारी ते मोडतं. मग वेळापत्रक मोडल्याची अपराधी भावना बेकारीच्या अपराधी भावनेवर चढते.

पहिल्या आठवड्यात फक्त तीन वेळा पक्क्या करा: उठायची, घराबाहेर पडायची, झोपायची. बाकी दिवस कसाही जाऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात काम शोधायचे दोन तास घाला. तिसऱ्यात एखादं कौशल्य किंवा घरातलं दुरुस्तीचं काम. एखादा दिवस पूर्ण बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. नेहमीच्या वेळेला उठायचं आणि तिथून पुढे.

उठायची वेळ झोपायच्या वेळेपेक्षा महत्त्वाची. रात्री कितीही वाजता डोळा लागला तरी सकाळी ठरलेल्या वेळेला उठा. चार-पाच दिवसांत रात्री आपोआप लवकर झोप यायला लागते. उठल्यावर अंघोळ आणि बाहेरचे कपडे. बनियन-लुंगीवर दुपार झाली की बाहेर पडणं त्या दिवशी होत नाही.

खान्देशच्या उन्हाळ्याचा विचार करून दिवस मांडावा लागतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो. अकरा ते पाच बाहेरचं काम होत नाही, आणि कूलरसमोर तीन तास झोप झाली की रात्र गेलीच. म्हणून उन्हाळ्यात साडेपाचला उठून सहा ते पावणेसात चालणं, साडेआठ ते साडेदहा बाहेरची कामं, म्हणजे कंपनीच्या गेटवर जाणं, कार्यालयं, भेटीगाठी. अकरा ते एक घरात बसून अर्ज आणि फोन. जेवणानंतर पडायचं तर गजर लावून तीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. साडेतीन ते पाच शिकण्याचं काम. सहानंतर माणसांत. पावसाळ्यात आणि थंडीत हाच क्रम तासभर पुढे ढकला. चालणं रोज तीस-चाळीस मिनिटं, थोडं धाप लागेल इतक्या वेगानं. मन उदास असताना शरीर हालचाल टाळतं, आणि हालचाल टाळली की उदासी वाढते; हे चक्र मुद्दाम पायानं तोडावं लागतं, 'इच्छा झाली की जाऊ' असं म्हणून ते तुटत नाही.

ज्या खाटेवर झोपता तिथे बसून अर्ज करू नका. घरात जागा नसेल तर वाचनालयात जा. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, अमळनेरचं साने गुरुजी ग्रंथालय, आणि मोठ्या गावांतून असलेली सार्वजनिक वाचनालयं यासाठी फार चांगली. तिथे शांतता मिळते, पेपर मिळतो आणि चार माणसं तुम्हाला रोज एका वेळी बघतात. ही शेवटची गोष्ट वाटते त्यापेक्षा मोलाची आहे.

पाचांपैकी 'मोठ्या कामात वाटा' ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. आठवड्यातून तीन-चार तास असं काही धरा ज्यात कुणीतरी तुमच्यावर अवलंबून असेल: गणेश मंडळाचा हिशेब, कानबाईच्या उत्सवाची भाऊबंदकीतली वर्गणी आणि सामान, झेडपीच्या शाळेतल्या चार मुलांचं गणित, एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याची सिव्हिलची फेरी. मात्र "तू रिकामाच आहेस" म्हणून कुणी रोज कामाला जुंपायला लागलं तर थांबवा: "सकाळी मला कामाचं बघायचं असतं, चारनंतर येतो."

शोधाला मर्यादा घाला

दिवसभर शोधणारा माणूस जास्त शोधत नाही, जास्त खचतो. दिवसाला दोन ते तीन तास, आठवड्याला पाच दिवस. रविवारी पूर्ण बंद. मोजायचं ते फक्त आपल्या हातातलं: रोज दोन नीट अर्ज आणि दोन माणसांशी बोलणं. किती उत्तरं आली हे मोजू नका, कारण त्यावर तुमचा ताबा नाही आणि तो आकडा पहिल्या महिन्यात जवळजवळ नेहमी वाईट असतो.

शंभर पानी वहीत पाच रकाने करा: तारीख, ठिकाण, कोणाशी बोललो, पुढचं पाऊल, कधी. सात दिवसांनी एक फोन, आणखी सात दिवसांनी एक, मग ती ओळ बंद करून पुढे. वही नसली की प्रत्येक न आलेलं उत्तर डोक्यात उघडं राहतं.

आपल्याकडे दालमिल, चटई, पाइप, जिनिंग, दुकानं यांतल्या बऱ्याच जागा जाहिरातीत येतच नाहीत, ओळखीतून भरतात. म्हणून विचारावं लागतं, आणि विचारताना जीभ अडते. वाक्य आधी तयार ठेवा: "भाऊ, मार्चमध्ये माझं काम सुटलं. पाच वर्षं पाइपच्या मशीनवर ऑपरेटर होतो. तुमच्याकडे जागा नसली तरी चालेल, कुठे लागत असेल तर कळवाल का?" 'जागा नसली तरी' यामुळे समोरच्याला नकार द्यावा लागत नाही आणि तो तुमचं नाव लक्षात ठेवतो. राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात रोजगार मेळाव्याच्या तारखा विचारून घ्या.

मुलाखतीत नकार आला तर दहा मिनिटं बसून दोन गोष्टी लिहा: काय विचारलं, काय अडलं. मग त्या दिवशी त्यावर चर्चा बंद. नकाराची उजळणी रात्री केली की 'हे काम मिळालं नाही' याचं 'मी कामाचा नाही' व्हायला वेळ लागत नाही.

काम कसं गेलं याचाच राग मनात घोळत असेल, साहेब काय बोलला, कसं बाहेर काढलं, तर लिहिण्याचा एक उपाय तपासलेला आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ सालच्या अभ्यासात नोकरी गेलेल्या अमेरिकी इंजिनियरांपैकी काहींना पाच दिवस, रोज वीस मिनिटं, त्या घटनेबद्दलचे आपले खोल विचार आणि भावना लिहायला सांगितलं. त्यांना पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. अर्ज सगळ्यांनी सारखेच केले होते. बहुधा लिहिणाऱ्यांचा राग मुलाखतीत बाहेर पडत नव्हता. पद्धत सोपी आहे: एकांत, गजर, हात न थांबवता लिहिणं, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष, अहिराणीत येत असेल तर अहिराणीत. लिहून झाल्यावर फाडलं तरी चालतं. त्या दिवशी थोडं जड वाटतं, ते संध्याकाळपर्यंत ओसरतं. जड वाटणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर लिहिणं थांबवा.

थकलेलं मन फसवणुकीला सोपं सापडतं. रेल्वेत, आयुधनिर्माणीत, झेडपीत 'लावून देतो' म्हणून पैसे मागणारा माणूस भुसावळ-जळगाव पट्ट्यात प्रत्येक पिढीला भेटतो. रेल्वेची भरती परीक्षेतून होते. पैसे देऊन नाव लागत नाही. नोंदणी फी, गणवेशाची अनामत, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारी ऑफर बनावट समजा. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा; पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

"काय करी राहिना सध्या?"

अखाजीनंतरची (अक्षय्य तृतीयेनंतरची) लग्नसराई या प्रश्नासाठी सगळ्यात अवघड. पूर्ण टाळली तर माणसं तुटतात आणि ओळखीतून मिळणारं कामही तुटतं. जायचं, तासभर थांबायचं, जेवून निघायचं. उत्तर आधीच ठरवा आणि ते तीन वाक्यांचं ठेवा: "नाशिकची कंपनी सुटली. मशीनचंच काम बघतोय. तुमच्या ओळखीत असेल तर सांगा." विचारणाऱ्याकडेच काम सोपवलं की तो एकतर मदत करतो किंवा विषय बदलतो, दोन्ही चालतं. खोचक विचारणाऱ्या काकांना किंवा मामांना: "ठरलं की तुम्हालाच आधी सांगतो." खोटी नोकरी सांगू नका. खान्देशात नातं तीन घरांपलीकडे जुळतंच, आणि पोरीकडचे चौकशी करतातच.

पारावरची संगत तपासून घ्या. सगळेच रिकामे असलेल्या गटात आधार असतो, पण जिथे अर्ज करणाऱ्याची टिंगल होते तिथे अर्धा तास पुरे. मनातलं बोलायला दोन माणसं पक्की करा, एक घरातलं, एक बाहेरचं, आणि आठवड्यातून एकदा त्यांना स्वतःहून फोन करा. कुणाचे तरी नव्या गाडीचे, प्रमोशनचे स्टेटस बघून दर वेळी पोटात तुटत असेल तर ते म्यूट करा. त्यांना कळत नाही.

मिळेल ते काम घ्यावं का?

बहुतेक वेळा घ्यावं. पदवीधर पोरानं रावेर-सावद्याकडे केळीच्या गाडीवर हिशेबनीस म्हणून उभं राहणं, जिनिंगला वजनकाट्यावर बसणं, कापूस वेचणीच्या हंगामात घरच्याच शेतात मजुरांबरोबर जाणं, यात डिग्री वाया जात नाही. एकट्यानं घरात बसण्यात ती जास्त वेगानं विसरली जाते. अटी मात्र आधी ठरवा. आठवड्यातल्या दोन सकाळी शोधासाठी मोकळ्या हव्यात. जाण्यायेण्याचा खर्च वजा करून हातात काही उरायला हवं. सवय नसताना हमालीचं जड काम एकदम धरू नका. कंबर धरली की काम आणि शोध दोन्ही थांबतात.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. ते स्वतःला बेकार म्हणत नाहीत, घरचेही म्हणत नाहीत, आणि वर्षं जातात. राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३ आहे; म्हणजे थांबायची तारीख नियम देत नाही, ती स्वतःच ठरवावी लागते. अभ्यास जोरात चालू असतानाच, निकालाच्या दिवशी नव्हे, कागदावर लिहा: आणखी किती परीक्षा, कोणत्या महिन्यापर्यंत, त्यानंतर काय. घरात एकाला तो कागद दाखवा. थांबण्याचा दिवस ठरलेला असला की अभ्यास हलका होतो, आणि थांबणं हार वाटत नाही. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्यांनी मैदानी चाचणी हुकल्यावर धावणं मात्र सोडू नये. ती सवय मनालाही धरून ठेवते.

बायकांची नोकरी गेली की घरात कुणी तिला बेकारी म्हणतच नाही. "बरं झालं, आता घरी लक्ष देशील" म्हणत सासूबाईंचं औषध, पाहुणे, पापड-कुरडया सगळं तिच्याकडे येतं आणि शोधायला वेळ उरत नाही. रविवारच्या बैठकीतच दोन तास मागून घ्या, दार लावून बसायचे, आणि त्या वेळात चहा कोण करणार हेही ठरवा. हे मागणं घरातल्या पुरुषानं मोठ्यांसमोर मांडलं तर लवकर मान्य होतं.

दारू, झोप आणि कधी दवाखाना

झोप येत नाही म्हणून घेतलेली दारू पहिल्या दोन-तीन तासांत झोप आणते आणि पहाटे तीनला जाग आणते. दुसऱ्या दिवशी छातीत धडधड जास्त. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसा, मंद उजेडात, मोबाइलशिवाय, डोळे जड झाले की परत या. चार वाजेनंतर चहा नको. जो माणूस अनेक महिने रोज भरपूर पितो त्यानं एकदम बंद करणं धोक्याचं असतं: हातपाय थरथरणं, भास, झटके दोन-तीन दिवसांत येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावं. ऑनलाइन रमी-सट्टा 'गेलेला पगार भरून काढायला' सुरू होतो. घरातल्या दुसऱ्या माणसाकडे यूपीआयचा फोन दिल्याशिवाय तो सहसा सुटत नाही.

काही दिवस वाईट जाणं साहजिक आहे. पण दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं किंवा कशातच गोडी न उरणं, आणि त्याबरोबर झोप-भूक बिघडणं, बोलणं-चालणं मंदावणं, आपण घराला ओझं आहोत असं वाटणं, ही आजाराची लक्षणं आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. 'थकवा येतो, झोप नाही' एवढं सांगितलं तरी सुरुवात होते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या, कारण यांच्या कमी-जास्तीनंही असंच वाटतं. उदासीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात 'फरक नाही' म्हणून सोडणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक.

आधी फक्त बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. फोन लावल्यावर भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात, गरज पडली तर डॉक्टरांशी जोडून देतात.

कुणी 'मी नसलेलाच बरा' म्हणत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, खूप दिवसांच्या अस्वस्थतेनंतर अचानक शांत झाला असेल, तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्यानं विचार शिरत नाही, बोलायला वाट मिळते. 'हो' आलं तर उपदेश नको, एकटं सोडू नका, शेतातल्या फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून आणि खळ्यातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा, आणि १४४१६ लावा. काही घडलंच असेल तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. औषध पोटात गेल्याचा संशय असेल तर उलटी करवण्यात वेळ घालवू नका. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना. पोलीस केसच्या भीतीनं काही घरं उशीर करतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

काम लागल्यावर

पहिला पगार आला की सगळं संपलं असं घराला वाटतं. प्रत्यक्षात पहिले दोन-तीन महिने धास्ती राहते: साहेबांनी बोलावलं की काढणारच असं वाटतं, सुट्टी मागवत नाही, रविवारी दिवसभर झोप येते. हे अपेक्षित आहे. सकाळचं चालणं आणि त्या दोन माणसांना करायचा फोन चालू ठेवा. उसने परत करायचा क्रम कागदावर घाला. सगळ्यांना एकदम देण्याच्या घाईत घर पुन्हा रिकामं होतं. आणि गोळ्या चालू असतील तर नोकरी लागली म्हणून बंद करू नका. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवून मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. पुढची तारीख केसपेपरवर असते. नव्या ठिकाणी पहिल्याच महिन्यात त्या दिवसाची अर्धी रजा मागून ठेवा.